मोठं विणकाम अर्ध्यावरच का अडतं? रखडलेले स्वेटर आणि शाली पूर्ण करण्याचे उपाय

स्वेटरची पाठ झाली, पुढची बाजू मुंढ्यापर्यंत (बाही जोडतात तिथपर्यंत) आली, आणि पिशवी कपाटात गेली. पुढच्या थंडीत ती बाहेर निघते, चार ओळी होतात, पुन्हा आत जाते. हे वारंवार होत असेल तर ‘वेळच मिळत नाही’ एवढं उत्तर पुरेसं नाही. मुलं, आजारपण, नोकरी, पाहुणे हे सगळं घरात असतंच, पण त्याच घरात त्याच हातांनी टोप्या आणि मोजे पूर्ण होतात. मोठं काम ठरावीक जागांवर अडतं. प्रत्येक जागेचं कारण वेगळं असतं, आणि बहुतेक कारणं मनाच्या निर्धाराशी नाही तर विणण्याच्या पद्धतीशी जोडलेली असतात. म्हणून नवा संकल्प करण्याआधी काम नेमकं कुठे थांबलं आहे ते पाहा.

पिशवी दिवसाउजेडी टेबलावर रिकामी करा. काम ओळीच्या मध्यावर थांबलं असेल तर कोणीतरी हाक मारली होती आणि परत येताना आपण कुठे होतो ते कळलं नाही. मुंढ्यासाठी किंवा गळ्यासाठी टाके घटवायला (कमी करायला) सुरुवात होते तिथे थांबलं असेल तर सूचनांचा तो भाग समजला नव्हता, किंवा तो शांतपणे वाचायला वेळ मिळाला नव्हता. एकच बाही तयार असेल तर कंटाळा. सगळे तुकडे तयार आणि शिवण बाकी असेल तर ते शेवटच्या कामाचं दडपण. सुयाच गायब असतील तर त्या दुसऱ्या कामावर चढल्या आहेत. हे शेवटचं कारण क्षुल्लक वाटतं, पण त्यामुळे थांबलेली कामं खूप असतात.

‘थंडीच्या आधी संपवू’ हे उद्दिष्ट नाही

मोठ्या कामाचा हिशेब टाक्यांत करावा. १० सेंमीत २० टाके आणि २८ ओळी बसतील अशा मध्यम जाडीच्या लोकरीचं उदाहरण घेऊ. तयार स्वेटरचा छातीचा घेर १०० सेंमी, म्हणजे पाठ ५० सेंमी आणि तिला १०० टाके. लांबी ६४ सेंमी, म्हणजे साधारण १८० ओळी. मुंढा आणि गळ्याची घट वजा केली तर पाठ अंदाजे १६,५०० टाक्यांची होते, पुढची बाजूही तेवढीच. बाही मनगटाशी ४४ टाक्यांनी सुरू होऊन दंडाशी ७६ पर्यंत जाते. सरासरी ६० टाके, ४५ सेंमीच्या १२६ ओळी आणि वरचा गोलाईचा भाग धरून एक बाही ८,५०० टाक्यांची. एकूण ५०,०००.

आता स्वतःचा वेग मोजा. घरातली माणसं आजूबाजूला असताना, नेहमीच्या जागी बसून चार ओळी विणा आणि घड्याळ पाहा. सगळे झोपल्यावरचा वेग इथे उपयोगाचा नाही, कारण रोजचं विणकाम त्या शांततेत होत नाही. मिनिटाला २० टाके पडत असतील तर ५०,००० टाक्यांना सुमारे ४२ तास लागतात. धुणं, ताणून वाळवणं, शिवणं, गळ्याची पट्टी यांचे आणखी ८ तास धरा. झाले ५० तास. रोज अर्धा तास, आठवड्याचे पाच दिवस मिळत असतील तर २० आठवडे. त्यावर किमान पाव हिस्सा आजारपण, परीक्षा आणि प्रवासासाठी वाढवा: २५ आठवडे. म्हणजे थंडीच्या सुरुवातीला स्वेटर अंगावर हवा असेल तर टाके सहा महिने आधी घालायला हवेत. दोन महिने आधी घातलेला स्वेटर रखडतो तेव्हा तो आळसामुळे रखडत नाही, तो वेळेत होणं मुळातच शक्य नव्हतं.

याच हिशेबातून आठवड्याचं उद्दिष्ट निघतं. अडीच तासांत ३,००० टाके, म्हणजे पाठीच्या ३० ओळी, म्हणजे जवळपास ११ सेंमी. उद्दिष्ट रोजचं ठेवू नका, आठवड्याचं ठेवा. रोजचं उद्दिष्ट एका तापाच्या रात्रीत मोडतं आणि मग अख्खा आठवडा सोडून दिला जातो. आठवड्याच्या ३० ओळी मात्र दोन दिवसांतही भरून काढता येतात. सोबत एक किमान मर्यादा ठरवा: कितीही धावपळ असली तरी आठवड्यातून तीन वेळा दोन-दोन ओळी. १०० टाक्यांच्या दोन ओळींना दहा मिनिटं लागतात. तेवढ्याने काम फार पुढे सरकत नाही, पण हाताचा ताण (धागा किती घट्ट धरायचा ते) आणि नमुना लक्षात राहतो. पुन्हा सुरुवात करताना नेमकं तेच हरवलेलं असतं.

ओळ लांब, फुरसत छोटी

१०० टाक्यांच्या एका ओळीला पाच मिनिटं लागतात. शालीची ओळ ३०० टाक्यांवर गेली की पंधरा मिनिटं. ज्या घरात दर दहा मिनिटांनी कोणीतरी हाक मारतं, तिथे ३०० टाक्यांची ओळ मध्येच सुटणार हे धरूनच चाला. ‘ही ओळ संपवून येते’ असं घरच्यांना सांगण्याची सवय चांगली आहे, पण ती पाच मिनिटांच्या ओळीपुरतीच चालते.

ओळीच्या मध्यावर ठेवलेलं काम परत हातात घेताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे उलट दिशेने विणायला लागणं. तसं झालं की कापडाच्या एका बाजूला दोन ओळी जास्त होतात आणि वळलेल्या जागी भोक पडतं. ते पाच-सहा ओळींनंतर दिसतं, तेव्हा उसवायचं जिवावर येतं. ओळखायची खूण सोपी आहे: गुंड्याकडे जाणारा धागा नेहमी उजव्या हातातल्या सुईवरच्या शेवटच्या टाक्याला जोडलेला असला पाहिजे. तो डाव्या सुईवर दिसला तर काम फिरवून धरा.

साध्या सपाट विणीलाही लांब सरळ सुयांपेक्षा गोल सुई (लवचीक तारेने जोडलेली दोन टोकं) बरी. उठायची वेळ आली की टाके मधल्या तारेवर सरकवायचे आणि टोकांना रबरी टोप्या लावायच्या. मूल पिशवीत हात घालील तरी टाके सुटत नाहीत. कापडाचं वजनही मांडीवर राहतं, मनगटावर येत नाही.

टाका सुटलाच तर त्याच क्षणी त्यात सेफ्टी पिन अडकवा आणि पुढे चला. तो दिव्याच्या उजेडात, घाईत उचलू नका. दुसऱ्या दिवशी सुटलेल्या टाक्यामुळे शिडीसारखे मोकळे दिसणारे आडवे धागे क्रोशाच्या सुईने एकेक करून वर ओढत आणायला पाच मिनिटं पुरतात.

‘मी कुठे होते?’

प्रत्येक कामाच्या पिशवीत एक पुठ्ठ्याची चिठ्ठी असावी. त्यावर सुईचा क्रमांक मिलिमीटरमध्ये, लोकरीच्या वेष्टनावरचं नाव, रंग क्रमांक आणि रंगाईचा लॉट (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक), सूचनांमधलं निवडलेलं माप, नमुना तुकड्यातले (माप तपासायला आधी विणलेल्या छोट्या चौकोनातले) टाके आणि ओळी, शेवटची पूर्ण झालेली ओळ, आणि पुढची ओळ सुलट बाजूची की उलट बाजूची. सूचनांच्या कागदावर आपल्या मापाचे आकडे सुरुवातीलाच गोल करून ठेवा. चार मापांचे आकडे कंसात एकामागोमाग छापलेले असतात, आणि तीन महिन्यांनी आपण कोणतं माप विणत होतो ते आठवत नाही. बदल केला असेल (दोन सेंमी लांबी जास्त, गळा थोडा उंच) तर तोही लगेच लिहा. दुसऱ्या बाजूला तोच बदल करायचा असतो.

ओळी मोजायचं यंत्र चांगलंच, पण ते फिरवायला विसरतो किंवा मुलं फिरवतात. त्यापेक्षा दर दहाव्या ओळीच्या कडेच्या टाक्यात एक बंद होणारा मार्कर (खुणेची छोटी कडी) अडकवा. तो कोणी बदलू शकत नाही. त्याच्या वरच्या ओळी डोळ्यांनी मोजता येतात: सुलट बाजूला प्रत्येक इंग्रजी व्ही आकाराचा टाका म्हणजे एक ओळ, आणि सुईवर असलेले टाकेही एक ओळ म्हणून धरायचे.

जाळीच्या किंवा वेणीच्या विणीत सुरक्षा दोरा हवाच. बोथट सुईत पातळ, गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांमधून काढायचा. मार्करमधून मात्र तो जाऊ देऊ नका, नाहीतर मार्कर तिथेच अडकून बसतात. नमुन्याची एक आवृत्ती पूर्ण झाली की दोरा घाला आणि त्या दोऱ्याच्या ओळीचा क्रमांक चिठ्ठीवर लिहा. चूक सापडली तर सुई काढून निर्धास्तपणे दोऱ्यापर्यंत उसवता येतं. चुकीच्या भीतीने महिनोन्‌महिने बंद पडलेलं जाळीकाम या एका दोऱ्याने पुन्हा सुरू होतं.

खूप दिवसांनी हातात घेतलं आणि वीण वेगळीच दिसते

याची तीन कारणं असतात. एक, हाताचा ताण बदललेला असतो. त्यासाठी त्याच लोकरीचा आणि त्याच सुईचा २५ टाक्यांचा तुकडा दहा ओळी विणून पाहा. हात जागेवर आला की मग मूळ काम घ्या, आणि तो तुकडा उसवून लोकर परत वापरा.

दोन, सुईवर महिनोन्‌महिने थांबलेले टाके ताणले जातात आणि तिथे आडवी रेघ उमटते. धुतल्यावर ती बरीच कमी होते, पण दरवेळी पूर्ण जात नाही. काम उघडताना ती ओळ आणि तिच्याखालची एक ओळ, अशा दोन ओळी उसवून नव्याने विणलेल्या बऱ्या. यापुढे महिनाभरापेक्षा जास्त थांबणार असाल तर टाके सुईवर ठेवू नका, जाड सुती दोऱ्यावर काढून ठेवा.

तीन, सुईच बदलली आहे. ४ मिमी आणि ३.७५ मिमी सुया नुसत्या पाहून ओळखू येत नाहीत. पण १० सेंमीत २० ऐवजी २१ टाके बसायला लागले तर १०० टाक्यांची पाठ ५० सेंमीऐवजी साधारण ४७.५ सेंमीच भरते, आणि पूर्ण घेरात पाच सेंमी जातात. तेवढ्यात स्वेटर अंगाला आवळतो. छिद्रांची सुईमापक पट्टी घरात ठेवा. दुसऱ्या कामासाठी सुया काढायच्याच असतील तर आधी टाके दोऱ्यावर घ्या आणि क्रमांक चिठ्ठीवर असल्याची खात्री करा.

दुसरी बाही

बाह्या म्हणजे स्वेटरचा तिसरा हिस्सा, आणि त्या सर्वांत शेवटी येतात. पाठ-पुढा झाल्यावर ‘आता थोडंच राहिलं’ असं वाटतं, प्रत्यक्षात १७,००० टाके बाकी असतात. अपेक्षा आणि काम यांतलं हे अंतरच माणसाला थकवतं.

यावर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे दोन्ही बाह्या एकाच लांब गोल सुईवर, दोन वेगळ्या गुंड्यांनी एकदम विणणं. एका बाहीची ओळ, मग दुसऱ्या बाहीची तीच ओळ, मग वळायचं. वाढवलेले टाके दोन्हीकडे एकाच ओळीत येतात, लांबी हमखास सारखी होते आणि मोजणी एकदाच करावी लागते. काम थांबवताना दोन्ही बाह्यांची ओळ पूर्ण करूनच थांबा, नाहीतर एक बाही दोन ओळींनी पुढे राहते. दोन गुंडे गुंतत असतील तर एक डावीकडे, एक उजवीकडे वेगळ्या डब्यांत ठेवा आणि वळताना एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून फिरवा.

दुसरा मार्ग बाह्या आधी विणण्याचा. छोटा तुकडा असल्याने घराबाहेर नेता येतो, आणि बाही हाच मोठा नमुना तुकडा ठरतो: ती धुऊन मोजली की पाठीचे टाके घालण्याआधीच माप बरोबर येतंय का ते कळतं. नव्याने सुरू करणाऱ्यांना आम्ही हाच क्रम सुचवू.

शाल पुढेच सरकत नाही

मानेपासून सुरू होणाऱ्या त्रिकोणी शालीत दर दोन ओळींना चार टाके वाढतात. १५० ओळींनंतर सुईवर सुमारे ३०० टाके असतात आणि एकूण विणलेले टाके होतात जवळपास २२,५००. ७५ ओळी झाल्या की निम्मी शाल झाली असं वाटतं, पण तोवर फक्त पाव काम झालेलं असतं. निम्मे टाके पूर्ण होतात ते १०६व्या ओळीपाशी. शेवटच्या ४४ ओळींमध्ये उरलेलं निम्मं काम आहे. हे माहीत नसलं की शाल नेमकी शंभराव्या ओळीच्या आसपास सोडून दिली जाते.

म्हणून शालीचं उद्दिष्ट ओळींत ठेवू नका. सुरुवातीला आठवड्याला ५० ओळी सहज होतील, शेवटी जेमतेम दहा होतील, आणि वेग तोच असेल. प्रत्येक ५० टाक्यांवर एक मार्कर घाला. ‘आज सहा मार्कर’ हे दोन बैठकांत विभागता येतं, अख्खी ओळ येत नाही. टाके बंद करायला शालीच्या कडेच्या लांबीच्या किमान चौपट धागा राखून ठेवा.

मूल मोठं झालं, स्वेटर तेवढाच

साधारण चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मुलांची उंची वर्षाला ५-६ सेंमी वाढते. विणायला सहा महिने लागणारा स्वेटर आजच्या मापाचा विणला तर पूर्ण होतो तेव्हाच आखूड ठरतो. एक माप पुढचं घ्या, आणि शक्य असेल तर गळ्यापासून खाली जाणारी रचना निवडा. त्यात अंगाची आणि बाहीची लांबी सर्वांत शेवटी ठरते, मूल समोर उभं करून मोजता येते, आणि पुढच्या वर्षी खालची पट्टी उसवून चार सेंमी वाढवताही येतात. त्यासाठी एक गुंडा बाजूला ठेवा. अडकून पडलेला स्वेटर मुलाला आत्ताच लहान होत असेल तर त्याच्या धाकट्या भावंडाचं माप घेऊन बघा, उसवण्याचा निर्णय त्यानंतर.

लोकर पुरेल का?

ही शंका मनात असली की हात आपोआप मंदावतो. डिजिटल वजनकाट्यावर गुंडा ठेवा, दहा ओळी विणा, पुन्हा ठेवा. वरच्या उदाहरणातल्या लोकरीत १०० टाक्यांच्या दहा ओळींना साधारण १० ग्रॅम लागतात, म्हणजे १,००० टाक्यांना १० ग्रॅम. दोन बाह्यांना १७० ग्रॅम. हाताशी १५० असतील तर उत्तर आजच मिळालं: पट्ट्या दुसऱ्या रंगाच्या करा, किंवा बाही पाऊण ठेवा. वेगळ्या लॉटची लोकर जोडावीच लागली तर जुनी दोन ओळी, नवी दोन ओळी असं आठ-दहा सेंमी विणत न्या म्हणजे सीमारेषा दिसत नाही. सुरुवातीलाच दहा टक्के जास्त लोकर घेतली की हा प्रश्नच उद्भवत नाही.

तुकडे तयार, शिवण बाकी

जोडणीला एकच मोठी बैठक लागते या समजुतीने तुकडे वर्षभर पडून राहतात. ती पाच छोट्या बैठकांत होते, आणि प्रत्येकीनंतर काम सुरक्षितपणे बाजूला ठेवता येतं.

पहिली: तुकडे कोमट पाण्यात १५-२० मिनिटं भिजवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, मापाप्रमाणे पिना लावून सपाट वाळू द्या. याला दोन दिवस लागू शकतात, म्हणून मुलं आणि पाळीव प्राणी पोहोचणार नाहीत अशी जागा आधी ठरवा. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवू नका, वीण कायमची लुळी पडते. दुसरी: खांदे. तिसरी: गळ्याची पट्टी. चौथी: बाह्या मुंढ्यात बसवणं. आधी बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीला पिन करा, मग दोन्ही टोकं, आणि मधला झोल सारखा वाटून घ्या. पाचवी: बाहीची आणि कुशीची शिवण एका सलग धाग्याने.

पुढे उघडा स्वेटर असेल तर बटणपट्टीसाठी कडेचे टाके दर चार ओळींमागे तीन उचला. १६० ओळींच्या कडेवर १२० टाके. प्रत्येक ओळीला एक उचलला तर पट्टी लाटांसारखी फुगते, फार कमी उचलले तर पुढा वर ओढला जातो. पट्टी बिघडली की स्वेटर पुन्हा कपाटात जातो, म्हणून इथे मोजूनच उचला.

धाग्यांची टोकं शेवटासाठी साठवू नका. नवा गुंडा नेहमी कडेला जोडा, १५ सेंमी टोक सोडा आणि त्याच आठवड्यात ते शिवणीच्या बाजूने पाच-सहा सेंमी आत ओवून टाका.

कधी उसवावं

एका वेळी दोनच मोठी कामं ठेवावीत: एक डोकं लागणारं, एक गप्पा मारताना हात चालेल असं. तिसरं बाहेर आलं की पहिल्या दोन्हींना वेळ उरत नाही. जुन्या पिशव्या उघडल्यावर प्रत्येक कामाला हे विचारा: हे ज्याच्यासाठी होतं त्याला अजून बसेल का, आणि हा नमुना आज नव्याने सुरू केला असता का? दोन्ही उत्तरं ‘नाही’ असतील तर उसवा. लोकर वाया जात नाही, सुया मोकळ्या होतात.

उसवताना धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा आणि चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधा. सरळ गुंडा केला तर वळ्या तशाच राहतात आणि त्या लोकरीने विणलेला नमुना तुकडा खोटं माप देतो. लडी कोमट पाण्यात अर्धा तास बुडवा, टॉवेलमध्ये दाबा, सावलीत टांगा. पूर्ण वाळल्यावर वजन करून ग्रॅम चिठ्ठीवर लिहा आणि लडी बंद पिशवीत ठेवा, कारण खऱ्या लोकरीला कसर लागते. पुढचं काम निवडताना आधी हेच वजन पाहा: २०० ग्रॅम असतील तर वरच्या हिशेबाने २०,००० टाके, म्हणजे मोठ्यांचा स्वेटर नाही, पण लहान मुलाचं बिनबाह्यांचं जाकीट निघतं.